पुलापलीकडचा पत्ता

९ जानेवारी, सोमवार

ही वही कुठे लपवायची यातच सकाळ गेली. घरात ठेवली तर टेसाच्या हाती लागेल, आणि नात आठ वर्षांची असली तरी वाचायला माझ्याहून तेज आहे. शेवटी गाडीच्या सीटखाली ठेवली. दुपारच्या सुट्टीत इथेच बसून सँडविच खायचं आणि लिहायचं. कुणाला सांगता येत नाही म्हणून लिहायचं, एवढंच.

आज अंड्यांच्या कारखान्यात रॉबर्टानं खिडकीतून तो कागद माझ्यापुढे सरकवला. आमचे पगार तीच करते. दर जानेवारीला ती सगळ्यांकडून हा कागद भरून घेते. आपलं घर कुठल्या शाळेच्या हद्दीत येतं त्याचा क्रमांक लिहायचा, म्हणजे त्या शाळेचा कर पगारातून कापायचा की नाही हे तिला कळतं.

"गेल्या वर्षीचंच ना गं, व्हर्ना?"

"हो. कॉल्टर."

"नीट वाचून सही कर हो. खोटं लिहिलं तर काय होतं ते खाली छापलंय."

"वाचलंय मी."

"मग काय! कर नाही त्याला डर कशाला," असं म्हणून ती चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिली. नको तेवढा वेळ.

सही केली. कागद उलटा करून खिडकीतून परत सरकवला.

खरं काय ते इथे लिहिते. माझं घर अठराशे चाळीस, पिजन रोड. ओढ्यावरच्या पुलाच्या अलीकडे. अलीकडचं सगळं डनफर्ड शाळेच्या हद्दीत. तिथे शाळेचा कर नाही, आणि शाळेत आता फारसं काही उरलेलंही नाही. पुलापलीकडे कॉल्टर. तिथल्या लोकांनी आपण होऊन मतं दिली आणि शाळेसाठी मिळकतीवर सव्वा टक्का कर लावून घेतला. त्या पैशांतून पोल्मनबाई आल्या. ज्या मुलांचं बोलणं अडलंय त्यांच्याबरोबर त्या रोज बसतात. डनफर्डला अशी बाई महिन्यातून एकदा येते, तीही रस्त्यावर बर्फ नसेल तर.

टेसा माझ्या शेल्बीची मुलगी. शेल्बीचा नशेच्या गोळ्यांचा नाद वाढत वाढत विकण्यापर्यंत गेला. दोन वर्षांपूर्वी शेरीफची माणसं तिच्या दारात आली. "आई आहे का घरात?" त्यांनी विचारलं. टेसानं सांगितलं, "हो, मागच्या खोलीत आहे." शेल्बीला बेड्या घालून नेलं. सहा वर्षांची शिक्षा झाली. टेसाचं ते शेवटचं धड वाक्य. माझ्याकडे आली ती मुकीच आली.

पोल्मनबाईंच्या वर्गात एक ससा आहे. मुलांनी त्याचं नाव महापौर ठेवलंय. गेल्या हिवाळ्यात टेसा त्या महापौराच्या कानात कुजबुजायला लागली. मग हळूहळू बाईंशी. घरी अजून एक शब्द नाही. बाई म्हणतात, धीर धरा, घरीही बोलेल.

कॉल्टर बाहेरची मुलं घेत नाही, वर्ग भरलेत म्हणे. म्हणून आम्ही कागदोपत्री माझी थोरली बहीण ऑपल हिच्याकडे राहतो. दोनशे चौदा, वॉलनट स्ट्रीट, कॉल्टर. रोज सकाळी मी टेसाला पूल ओलांडून ऑपलच्या ओसरीवर सोडते आणि शाळेची बस तिला तिथून उचलते. पगाराच्या चिठ्ठीवर कॉल्टरचा कर कापलेला दिसला की शाळेचं समाधान. दर पंधरवड्याला चौदा डॉलर ब्याण्णव सेंट. लोक कर चुकवायला खोटं बोलतात. मी नसलेला कर भरायला खोटं बोलते. देवाच्या वहीत हे कुठल्या रकान्यात जातं कोण जाणे.

२ फेब्रुवारी, गुरुवार

शाळेचं पत्र आलं. उभ्या उभ्या वाचलं आणि मग बसले.

हद्दीबाहेरची काही मुलं खोट्या पत्त्यावर शिकत असल्याचं शाळेच्या ध्यानात आलं आहे. तरी सर्व पालकांनी पगाराच्या चिठ्ठीबरोबर यंदा भरलेल्या शाळाकराच्या विवरणपत्राची प्रत पंधरा मार्चच्या आत आणून द्यावी. शाळेचा माणूस घरीही येऊन जाईल. सही, मुख्याध्यापक हेड्रिक.

विवरणपत्र? मला वाटायचं पगारातून कापलं की झालं. रॉबर्टाला विचारलं.

"अगं बाई, कापणं माझं काम आणि भरणं तुझं. दरवर्षी वेगळा कागद असतो शाळेचा, राज्याच्या करासारखाच. गेल्या वर्षी नाही भरलास?"

"नाही."

"निम्मा गाव भरत नाही. मग पत्र आलं की माझ्या खिडकीशी येऊन रडतात."

वयाच्या बासष्टाव्या वर्षी हे कळलं. म्हणजे मी अर्धंच खोटं बोलत होते. आता ते पुरं करायचं.

पुलाच्या टोकाला सकाळी एक करडी गाडी उभी होती. आत माणूस, मांडीवर कागद. आम्ही गेलो तसं त्यानं काहीतरी लिहिलं.

६ फेब्रुवारी, सोमवार

करडी गाडी आजही होती.

टेसाला पत्ता पाठ करून घ्यायला सुरुवात केली. जेवण झाल्यावर समोर बसवलं. "कुणी विचारलं, कुठे राहतेस, तर काय? दोनशे चौदा, वॉलनट स्ट्रीट. म्हण मनात." ती नुसती बघत राहिली. म्हटलं, "बोलत नाहीस ते असू दे, पण कुणी पिजन रोड म्हटलं तर मान हलवायची नाही. चुकून हो म्हणालीस तर मला धरून नेतील. कळलं?"

जरा कडक बोलले. पण धाक घातल्याशिवाय मुलांना गोष्टीचं महत्त्व कळत नाही. तिनं मुकाट्यानं आपली ताटली विसळली आणि झोपायला गेली. गुणी पोर आहे.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

शाळेचा माणूस काल ऑपलकडे येऊन गेला. ऑपलनं फोनवर सांगितलं नाही, फोन कुणी ऐकतं असा तिचा समज आहे. मी टेसाला सोडायला गेले तेव्हा ओसरीतच सुरू झाली.

"अगं, सांगून तरी यायचं! मी केसांना रोलर लावून बसलेय आणि हा दारात. म्हणतो, मुलीची खोली दाखवा."

"मग?"

"मग काय, शिवणाची खोली दाखवली. पलंगावर तीन ढीग कापडांचे. म्हटलं, पोरीला शिवणाची भारी हौस."

"आठ वर्षांच्या पोरीला?"

"आणि भिंतीवर आपल्या हॅरॉल्डचा फोटो, मासा धरलेला. तो म्हणतो, हे कोण? मी म्हटलं, माझा नवरा, स्वर्गवासी. पोर त्याच्याशी बोलते." ऑपलनं हात झटकले. "घाबरला बिचारा. पुढे काही विचारलंच नाही. चार पावलांत बाहेर."

मला हसू आलं नाही. टेसा ओसरीच्या पायरीवर बसून सगळं ऐकत होती, दप्तर पोटाशी धरून. ऑपल म्हणाली, "तू अशी वाळत चाललीयेस, व्हर्ना, शाळेला संशय यायचा तो तुझ्या तोंडाकडे बघूनच येईल."

आज मुलांनी एकमेकांना द्यायच्या बदामाच्या आकाराच्या लाल शुभेच्छापत्रांची पिशवी टेसा घरीच विसरली होती. मीच विसरले. पत्त्याच्या नादात राहून गेलं.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

पोल्मनबाईंची चिठ्ठी दप्तरात. टेसा गेले दहा दिवस महापौराशीही बोललेली नाही. बाह्या चावून चावून तिच्या स्वेटरला भोकं पडलीत. घरी सर्दीपडसं काही आहे का?

असेल सर्दी. या दिवसांत सगळ्यांनाच असते. मधातून लिंबू दिलं. नवी बाही विणायला घेतली. पण महिन्याभरात हा विषय आटोपला की निवांत होऊ, तोवर पोरीनं असं अंग काढून घेऊ नये एवढीच इच्छा. हे सगळं तिच्याचसाठी तर चाललंय.

करडी गाडी आज पुलाच्या दुसऱ्या टोकाला होती. मी वेग कमी केला नाही, वाढवलाही नाही. नजर सरळ ठेवली. तरी पाठीला घाम फुटला.

४ मार्च, शनिवार

विवरणपत्रं भरली. सगळी दुपार ऑपलच्या स्वयंपाकघरात.

राज्याच्या कराच्या कागदावर पिजन रोड लिहिलं. घर माझ्या नावावर आहे, चाळीस वर्षं तिथूनच भरतेय, आणि राज्याशी खोटं बोलायचं मला काही कारण नाही. शाळेच्या कराच्या कागदावर वॉलनट स्ट्रीट. तो शब्द लिहिताना पेनातली शाई अडली, की मी अडले, ठाऊक नाही. अक्षर मात्र सुरेख आलंय. लहानपणी सुलेखनात मला बक्षीस होतं.

"गप्पा कमी मार आणि आकडे बघ," ऑपल म्हणाली, जशी काही मीच बोलत होते. "किती निघाला?"

"तीनशे अठ्ठ्याऐंशी. तेवढाच कापलाय. देणं नाही, घेणं नाही."

"मग एवढा घाम कसला?"

दोन्ही कागद राज्याच्या करखात्यालाच जायचे. वेगळ्या पाकिटांतून पाठवा असं सूचनेत बारीक अक्षरांत होतं, पण ते टपालवाल्यांचं भलं करायचे धंदे. दोन्ही एकाच पाकिटात घातले. एका तिकिटात काम झालं. ऑपल म्हणाली, "आपल्या आईची मुलगी शोभतेस." आई दोऱ्याचे तुकडेसुद्धा जपून ठेवायची.

शाळेसाठी प्रत वाचनालयात काढली. दहा सेंट.

टेसा टेबलाखाली ऑपलच्या मांजरीबरोबर बसली होती. बिस्किट नाव तिचं. निघताना मी नेहमीसारखं विचारलं, "आपण कुठे राहतो?" तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

१३ मार्च, सोमवार

शाळेत प्रत दिली. हेड्रिकसर स्वतः ऑफिसात उभे होते. पन्नाशीचा माणूस, मानेला दुखण्याचा पट्टा लावलेला, आवाज मऊ. कागद वरपासून खालपर्यंत वाचला, पत्त्यावर बोट ठेवलं.

"बरं झालं, केसलरबाई. बऱ्याच लोकांकडे हा कागदच नसतो."

"मी सगळं वेळेवर भरते," मी म्हटलं. जीभ कुठून एवढी वळली कोण जाणे.

"तुमच्यासारख्यांच्या पैशावरच शाळा चालते, बाई."

गाडीत येऊन बसले तर किल्ली भोकात जाईना. आनंद व्हायला हवा होता. कारखान्यात मी पट्ट्यावरची अंडी दिव्यावरून जाताना बघते. तडा असला की उजेडात लगेच दिसतो. त्यांनी बोट ठेवलं तेव्हा मला तसं वाटत होतं.

२९ मार्च, बुधवार

करड्या गाडीतला माणूस आज खाली उतरून पुलाच्या कठड्याशी उभा होता. मला थांबायची खूण केली. मी थांबले. आता संपलं, असं वाटलं. टेसाकडे बघून कुजबुजले, "दोनशे चौदा."

तो खिडकीशी वाकला. "बाई, तुम्ही रोज जाता ना इथून? पुढच्या उन्हाळ्यात पूल दुरुस्तीला घ्यायचाय. रोज किती गाड्या जातात ते मोजतोय मी. तुमची धरून एकशे बारा."

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो हा. मी एवढ्या जोरात हसले की तो माणूस मागे सरला. टेसा हसली नाही. ती दाराला चिकटून बसली होती, बाही तोंडात धरून. मी म्हटलं, "अगं, गाड्या मोजतोय तो, गाड्या." तरी नाही.

पोल्मनबाईंची दुसरी चिठ्ठी आली. घरी काही बदल झालाय का, असं विचारलंय. काय बदलणार घरी? उलट नेहमीपेक्षा जास्त वेळ देते तिला. रोज जेवणानंतर अर्धा तास फक्त तिच्यासाठी, पत्त्याचा.

२७ एप्रिल, गुरुवार

गाडीत, गुडघ्यावर वही धरून लिहितेय. अक्षर वाईट येणार.

टपालपेटीत राज्याच्या करखात्याचं पाकीट. आत पत्र आणि चेक. पत्र मी सहा वेळा वाचलं. आपल्या एकाच पाकिटातून आलेल्या दोन विवरणपत्रांवर दोन पत्ते आढळले. आपले राहते घर, अठराशे चाळीस, पिजन रोड, डनफर्ड हद्दीत येते. तिथे शाळाकर लागू नाही. सबब कॉल्टरसाठी कापलेला कर आपण देणे लागत नाही. तीनशे अठ्ठ्याऐंशी डॉलर सोबत परत. आपल्या मालकांना कपात थांबवण्यास कळवले आहे.

एक तिकीट वाचवलं मी! एक तिकीट!

आयुष्यात सरकारनं मला कधी न मागता काही दिलं नाही, आणि दिलं ते हे. चेक पिठाच्या डब्यात पुरला. वटवला तर मीच सही करून कबूल केलं की कॉल्टरची नाही. नाही वटवला तरी पुढच्या पगाराच्या चिठ्ठीवर ती ओळ नसेल, आणि शाळा सप्टेंबरात चिठ्ठी मागणार. त्याआधीच खात्यानं शाळेला कळवलं तर? पोल्मनबाई गेल्या तर टेसाचं काय? सशाशी बोलत होती तेवढं तरी परत यायला हवं. ते पुन्हा नाही आलं तर माझ्या घरात आयुष्यभर अशीच शांतता. तिला अठरा वर्षांची, वीस वर्षांची, मुकी, त्या खुर्चीत बसलेली बघितलं मी. डोळे उघडे ठेवून बघितलं.

२८ एप्रिल, शुक्रवार

रॉबर्टानं खिडकीतून आत बोलावलं, दार लावलं. तिच्या हातात खात्याचं पत्र होतं.

"कॉल्टर कापायचं बंद," ती म्हणाली.

"चूक झाली असेल त्यांची," मी म्हटलं.

"व्हर्ना. तुझा नवरा गेला तेव्हा मी नूडल्सचं भांडं घेऊन तुझ्या घरी आले होते. मला पूल लागला नव्हता का वाटेत?"

मी खाली बघितलं.

"दोन वर्षं कापत आले मी. म्हटलं, बाई चोरी करत नाहीये, उलट देतेय. पण आता लेखी आलंय, मला थांबवावंच लागेल." मग आवाज खाली आणून म्हणाली, "खातं शाळेला सांगत नाही, ते गुप्त असतं. पण तू स्वतःच्या तोंडानं सांगशील. तुझं तोंडच तसं आहे."

संध्याकाळी पत्र आणि चेक घेऊन ऑपलकडे गेले. तिनं चष्मा लावून पत्र मोठ्यानं वाचलं, पत्त्यासकट. मग टेबलावर आपटलं.

"सरकार पैसे परत देतंय आणि तू रडतेस? जगात पहिली बाई असशील तू!"

"त्यांना कळलं, ऑपल. सगळं कळलं त्यांना."

"कळलं ना? खरा पत्ता, घर नंबर, सगळं? मग काय झालं? बेड्या आल्या? शेरीफ आला? चेक आला, बाई, चेक! कुणी न्यायला येत नाहीये तुला. उगाच जीव टांगणीला लावून बसलीयेस."

ऑपलचं काय जातं. तिच्या घरात पोर नाही.

टेसा टेबलाखालून बिस्किटला कुशीत घेऊन बाहेर आली आणि पत्राकडे बोट केलं. मी द्यायला तयार नव्हते, पण ऑपलनं दिलं. टेसानं ते बसून पुरं वाचलं, ओळीखाली बोट फिरवत. मग चेकही हातात घेतला, उलटा करून पाहिला. लहान मुलांना छापील कागदाचं काय कौतुक असतं. मी घाईनं काढून घेतला.

३ मे, बुधवार

शाळेतून फोन. हेड्रिकसरांना आणि पोल्मनबाईंना भेटायचंय, मंगळवारी साडेतीनला, टेसालाही बसवून घेऊ. कशाबद्दल, विचारलं. "समोरासमोरच बोलू."

झालं तर. गुप्त असतं म्हणे!

अंड्यांवर लक्ष लागेना. तीन पेट्या तडकलेली अंडी तशीच पुढे गेली, मुकादम ओरडला. जेवण जात नाही. आज टेसाचा पत्ताही घेतला नाही, अंगात त्राण नव्हतं. ती जेवणानंतर आपण होऊन समोर येऊन बसली, वाट बघत. मी म्हटलं, "राहू दे आज." ती बराच वेळ तशीच बसून माझ्याकडे बघत होती.

८ मे, सोमवार

उद्या. वाक्यं तयार केलीत. खात्याची चूक आहे, मी कळवलंय. पिजन रोडचं घर भाड्यानं द्यायचंय. आम्ही फक्त शनिवार-रविवार तिथे असतो. आरशापुढे तीनदा म्हणून बघितली. तिसऱ्यांदा माझं मलाच खरं वाटलं, आणि त्याची जास्त भीती वाटली.

९ मे, मंगळवार

घरीच लिहितेय, अंगणातल्या बाकावर. वही लपवायची आता गरज नाही.

लहानशी खोली होती. हेड्रिकसर, पोल्मनबाई, टेसा आणि मी. सरांसमोर फाईल. मी ती बंद फाईलच बघत बसले होते. पण बोलल्या पोल्मनबाई.

"केसलरबाई, टेसा फेब्रुवारीपासून एक शब्द बोललेली नाही. महापौराशीसुद्धा नाही. मला वाटतं तिला कशाची तरी भीती बसलीय. तुम्हाला काही कल्पना आहे का?"

म्हणजे हे पत्त्याचं नव्हतं! माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. "नाही हो," मी म्हटलं, "घरी तर सगळं ठीक आहे." आणि ते मी खरं मानून बोलले.

बाई म्हणाल्या, तिला असं सुट्टीत सोडणं बरोबर नाही. उन्हाळाभर आठवड्यातून दोनदा त्या स्वतः घरी येऊन तिच्याबरोबर बसतील, शाळेच्या खर्चानं. मला त्यांचे हात धरावेसे वाटले. सरांनी एक फॉर्म पुढे ओढला, पेन काढलं.

"पत्ता तोच ना? वॉलनट स्ट्रीट?"

मी तोंड उघडलं.

"अठराशे चाळीस, पिजन रोड."

क्षणभर मला कळेचना कोण बोललं. आवाज घोगरा होता, शेल्बीसारखा.

"पूल ओलांडला की डावीकडचं दुसरं घर," टेसा म्हणाली. "टपालपेटी लाल आहे."

पोल्मनबाईंनी तोंडावर हात धरला आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी फक्त आवाज ऐकला होता. सरांनी पत्ता ऐकला. त्यांचं पेन कागदावर तसंच थांबलं.

"पुलाच्या कुठल्या बाजूला, बाळ?"

"डनफर्डच्या," ती म्हणाली. एकदाही अडखळली नाही.

सरांनी माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे वाक्य तयार होतं. पोर गोंधळलीय, शनिवारी आम्ही तिथे जातो. जिभेच्या टोकावर होतं. टेसानं टेबलाखाली माझी बाही धरली होती, दोन्ही मुठींनी.

"हो," मी म्हटलं. "आम्ही तिथेच राहतो. दोन वर्षं मी खोटं सांगितलं."

सरांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. मग सर म्हणाले, "हे ऐकून न ऐकल्यासारखं मला करता येणार नाही, बाई."

"माहीत आहे मला."

"शाळा संपायला तीन आठवडे आहेत. तेवढे तिचे पुरे होऊ देत, ते मी बघतो. पुढच्या वर्षी डनफर्ड." त्यांनी वॉलनट स्ट्रीटवर एक रेघ मारली आणि वर पिजन रोड लिहिलं. उन्हाळ्याचा फॉर्म त्यांनी फाईलमध्ये परत ठेवून दिला. पोल्मनबाईंनी काही न बोलता माझ्या हातात एक चिठ्ठी दिली, त्यांचा घरचा फोन नंबर.

गेलं. ज्याच्यासाठी एवढं केलं ते गेलं. गाडीत बसले आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

"आजी."

दोन वर्षांत हा शब्द माझ्या कानी पडला नव्हता.

"तुला आता नेणार का?"

"नाही गं."

"मला वाटलंच. त्यांना आधीच ठाऊक होतं. पत्रात आपलं घर लिहिलेलं होतं, मी वाचलं. तरी कुणी आलं नाही. चेक आला." ती बाहीचं भोक बोटानं चाचपत राहिली. "शेरीफला मी सांगितलं होतं. आई मागच्या खोलीत आहे म्हणून."

रोज जेवणानंतर अर्धा तास मी त्या पोरीला काय शिकवत होते, ते मला तिथे कळलं. तिला जवळ घेतलं. आता मुकी मी झाले होते.

"मग आता बोललं तर चालेल?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "बोल, बाळा."

वाटभर बोलत होती. महापौराचा एक कान वाकडा आहे. बिस्किट झोपेत घोरते. ऑपलआजीच्या मासेवाल्या फोटोला ती घाबरते. पूल आला, आम्ही तो ओलांडला, लाल टपालपेटी दिसायला लागली, तरी ती थांबली नाही.